तांब्यावर जिवाणूंनी नाल्या कोरणे : जळगाव येथील प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

काम ठरले ते असे. १ मिमी जाडीच्या तांब्याच्या पट्टीवर ३० मिमी लांबीच्या १२ समांतर नाल्या कोरायच्या. प्रत्येकीची रुंदी ०.५ मिमी, खोली ०.१५ मिमी. सौर पंपाच्या कंट्रोलरखाली बसणारी थंडाव्याची पट्टी म्हणून तिचा उपयोग आहे. कटर लावायचा नाही, ठिणगी पाडायची नाही, फेरिक क्लोराइडही वापरायचे नाही. कोरणारा द्रव जिवाणूंकडून तयार करून घ्यायचा.

जिवाणू : अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. १९४७ मध्ये कॉल्मर आणि हिंकल यांनी कोळशाच्या खाणीतल्या आम्लधर्मी पाण्यातून तो नोंदवला. २००० पर्यंत त्याचे नाव थायोबॅसिलस होते, त्यामुळे जुने लेख शोधताना दोन्ही नावांनी शोधावे. धातू घडवण्यासाठी त्याचा वापर १९९३ साली जपानमध्ये उनो आणि सहकाऱ्यांनी मांडला. खान्देशात काळ्या बेसाल्टचे राज्य, सल्फाइडचे खाणपाणी कुठे वाहत नाही. म्हणून रानातून जिवाणू गोळा करण्याचा विचार सोडला आणि पुण्याच्या एनसीएलमधील (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहातून मागवले.

एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. जिवाणू तांबे खात नाहीत. तांबे विरघळवते ते फेरिक लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या लोहाचे तीन धन भारांचे रूप (फेरस म्हणजे दोन भारांचे). तांब्याचा एक अणू विरघळताना फेरिकचे दोन अणू खर्च होतात आणि त्यांचे फेरस होते. जिवाणू हवेतला ऑक्सिजन आणि द्रवातले आम्ल वापरून त्या फेरसचे पुन्हा फेरिक करतात आणि त्यातून स्वतःची ऊर्जा मिळवतात. आम्लधर्मी पाण्यात हे काम नुसत्या हवेने होऊ दिले तर अतिशय सावकाश होते, जिवाणूंमुळे दहा लाख पटींहून जास्त वेगाने. म्हणजे हत्यार फेरिक आणि जिवाणू त्याला धार लावणारे. लक्ष पट्टीपेक्षा द्रवावर जास्त ठेवायचे आहे.

२० नोव्हेंबर

पाणी. वसाहतीतले बोअरचे पाणी कामाचे नाही. किटलीत पांढरा थर धरणारे हे पाणी, त्यात क्षारांबरोबर क्लोराइडही भरपूर, आणि या जिवाणूला जास्त क्लोराइड सोसत नाही. परीक्षा सोपी आहे : १० मिलि पाण्यात दोन थेंब नायट्रिक अ‍ॅसिड, मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे तीन थेंब. बोअरचे पाणी दह्याच्या निवळीसारखे पांढरे झाले. आरओचे किंचित धुरकट. बॅटरीसाठी विकतात त्या पाण्याचे दोन कॅन आणले होते, एक स्वच्छ राहिला, दुसरा आरओपेक्षाही जास्त पांढरा झाला. कॅनवर काय छापले आहे ते पाहू नये, प्रत्येक कॅन तपासावा.

२१ नोव्हेंबर

द्रव ‘नाइन-के’ कृतीचा, सिल्व्हरमन आणि लुंडग्रेन यांनी १९५९ मध्ये दिलेला. लिटरमागे ९ ग्रॅम लोह, म्हणून नाव नाइन-के. आमचे माप १ लिटरसाठी :

पहिला भाग, ७०० मिलि पाण्यात : अमोनियम सल्फेट ३ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.५ ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ०.०१ ग्रॅम. सल्फ्युरिक अ‍ॅसिडने सामू २ च्या खाली. काचेच्या चंबूत कापसाचा बोळा लावून प्रेशर कुकरमध्ये २० मिनिटे.

दुसरा भाग, ३०० मिलि पाण्यात : हिराकस (फेरस सल्फेट) ४४.२ ग्रॅम. हा कुकरमध्ये घालायचा नाही, उष्णतेने त्याचे फेरिक होऊन गाळ बसतो. पाण्यात आधी अ‍ॅसिड घालून मगच हिराकस विरघळवायचे आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून सोडायचे. दोन्ही गार झाल्यावर एकत्र.

कृषी केंद्रातले हिराकस घेऊन पाहिले. शेतीचे हिराकस लोहाच्या मापाला जवळपास बरोबर असते, पण पिशवी उघडी राहिलेली असेल तर खड्यांवर पिवळट तपकिरी पूड चढते. ते हवेने आधीच बिघडलेले. फिकट हिरवे, काचेसारखे खडे निवडून घेतले तर चालते. पहिल्या दोन पिढ्यांसाठी मात्र प्रयोगशाळेच्या दर्जाचेच वापरले.

विरजण, म्हणजे जिवाणू असलेला द्रव, १० टक्के : ९० मिलि द्रवाला १० मिलि. २५० मिलिचा चंबू, निम्म्याहून कमी भरलेला असावा, हवेला जागा लागते.

२९ नोव्हेंबर

आठव्या दिवशी फिकट हिरव्याचा रंग चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा झाला. संग्रहातून आलेली पहिली पिढी आळशी असते, पाचव्या दिवशी काहीच दिसत नाही म्हणून चंबू ओतून देऊ नये. शेजारी विरजण न लावलेला चंबू ठेवला होता, तो अजून हिरवाच आहे. हा दुसरा चंबू नसेल तर रंग कशाने बदलला ते सांगता येत नाही.

६ डिसेंबर

दुसरी पिढी ५ दिवसांत, तिसरी साडेतीन दिवसांत पूर्ण. आता मोजमाप रंगावर न ठेवता दोन प्रकारे.

एक, टायट्रेशन. ५ मिलि नमुना, २० मिलि पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड, २ मिलि फॉस्फोरिक अ‍ॅसिड. फॉस्फोरिकमुळे फेरिकचा पिवळा रंग मावळतो आणि शेवटची गुलाबी छटा दिसते. मग ०.१ नॉर्मल पोटॅशियम परमँगनेट थेंब थेंब. १ मिलि परमँगनेट म्हणजे ५.५८५ मिलिग्रॅम फेरस. ताज्या द्रवाला ८ मिलिच्या जवळ लागते, पूर्ण झालेल्याला दोन-तीन थेंब.

दोन, ओआरपी मीटर, फेरसच्या मानाने फेरिक किती ते मिलिव्होल्टमध्ये दाखवणारा. सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडवर ४७० मिलिव्होल्टच्या आसपास फेरस-फेरिक अर्धे-अर्धे, ५९० च्या आसपास शेकडा ९९ फेरिक. रोजच्या कामाला मीटर, आठवड्यातून एकदा टायट्रेशन. इलेक्ट्रोडवर पिवळा थर बसला की आकडा खोटा येतो. पातळ अ‍ॅसिडमध्ये दहा मिनिटे बुडवून धुवावा.

१४ डिसेंबर

रात्री थंडी वाढली. सकाळी शेडमध्ये १४ अंश, द्रव १६. मीटर तीन दिवस ५१० वर अडकलेला. या जिवाणूला २८ ते ३० अंश लागतात. फिश टँकचा २५ वॅटचा हीटर आणला. तो द्रवात सोडायचा नाही, त्याच्या काचेवर गाळ चिकटतो आणि तिथला द्रव भाजतो. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, पाण्यात हीटर, त्यात बरणी उभी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५७५.

२१ डिसेंबर

पहिली कोरणी. तांब्याचे तीन तुकडे, ५० × २० मिमी. पाणीकागद ४०० आणि मग ८०० नंबर, अ‍ॅसिटोनने पुसले, पाठीमागे आणि कडांना इपॉक्सी लावून २४ तास सुकवले. उघडे क्षेत्र बरोबर १० चौरस सेंमी ठेवले म्हणजे हिशेब तोंडी होतो : ०.०९ ग्रॅम वजन घटले की १० मायक्रॉन खोली. तांब्याची घनता ८.९६ धरली आहे.

तीन बरण्या, प्रत्येकीत ३०० मिलि, ३० अंश, एअर स्टोनने हवा.
अ : जिवाणूंसह पक्व द्रव.
ब : तोच द्रव ०.२२ मायक्रॉनमधून गाळून, म्हणजे फेरिक आहे पण जिवाणू नाहीत.
क : नुसते सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे पाणी, सामू १.८.

चार तासांनी वजनातली घट : अ ०.३१ ग्रॅम, ब ०.३० ग्रॅम, क मध्ये तराजूला कळण्याइतकीही नाही.

२२ डिसेंबर

चोवीस तासांनी : अ १.५६, ब १.११, क ०.०३ ग्रॅम.

या प्रकल्पातला सर्वात बोलका आकडा हाच, म्हणून त्यावर थांबतो. पहिल्या चार तासांत जिवाणू असोत वा नसोत, फरक नाही. दोन्ही बरण्यांत फेरिक भरपूर होते आणि काम फेरिकच करत होते. ३०० मिलि द्रवातले सगळे फेरिक मिळून जेमतेम दीड ग्रॅम तांबे विरघळवू शकते. ब बरणी त्या मर्यादेकडे जाता जाता मंदावत गेली, शेवटी तिच्यात सुमारे २७ टक्के फेरिक उरले. अ बरणी मर्यादा ओलांडून गेली आणि तरी तिच्यात ६५ टक्के शिल्लक होते. जे वर आले ते जिवाणूंनी परत धार लावून दिलेले.

यावरून एक खरे सांगायला हवे. आमच्या एका पट्टीतून सुमारे ०.२ ग्रॅम तांबे निघायचे आहे. एक लिटर द्रवातले जेमतेम ४ टक्के फेरिक त्याला पुरते. एका पट्टीपुरते जिवाणू नसले तरी चालतील. त्यांची किंमत दहाव्या-बाराव्या पट्टीला कळणार, जेव्हा तोच द्रव पहिल्या दिवसासारखाच चालेल. म्हणून एक पट्टी करून प्रकल्प संपवायचा नाही, एकाच द्रवात १२ करायच्या.

३० डिसेंबर

अ बरणी पुढे तशीच चालू ठेवली आणि चूक झाली. तिसऱ्या दिवशी तुकड्यावर हळदीच्या लेपासारखा पिवळा थर, तळाशी तसाच गाळ, कोरणी जवळपास बंद. सामू २.६.

कारण : फेरसचे फेरिक करताना जिवाणू आम्ल खर्च करतात. सामू २ च्या वर सरकला की फेरिक, सल्फेट आणि पोटॅशियम किंवा अमोनियम मिळून जॅरोसाइट नावाचा गाळ बसतो. कामाचे फेरिक तर जातेच, तो थर तांब्यावर बसला की खालच्या धातूपर्यंत द्रवही पोचत नाही. बोटाने पुसला तर वर निघतो, नालीच्या तळाशी बसला तर निघत नाही.

हिशेब : विरघळलेल्या प्रत्येक ग्रॅम तांब्यामागचे फेरस परत फेरिक करायला सुमारे १.५ ग्रॅम शुद्ध सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागते, म्हणजे तीव्र अ‍ॅसिडचे ०.८५ मिलि. तीव्र अ‍ॅसिड बरणीत थेट टाकायचे नाही. एक भाग अ‍ॅसिड नऊ भाग पाण्यात सावकाश सोडून गार केलेले द्रावण ठेवले आहे, त्याचे साडेआठ मिलि ग्रॅममागे. सामू १.७ ते १.८ मध्ये राखायचा. १.५ च्या खाली नेला तर जिवाणूच मंदावतात. पोटॅशियम क्लोराइड कृतीतून काढून टाकले, फॉस्फेटमधले पोटॅशियम पुरते. गाळ कमी झाला, थांबला नाही. अमोनियमचा जॅरोसाइटही बनतो.

८ जानेवारी २०२५

नवी पाच लिटरची मांडणी. एका टाकीत जिवाणू आणि हवा, दुसऱ्या उथळ काचपात्रात पट्टी. मधे लहान चुंबकी पंप, मिनिटाला अर्धा लिटर. हवेचे बुडबुडे पट्टीला लागू नयेत म्हणून दोन भांडी : जिथे बुडबुडा चिकटतो तिथे द्रव पोचत नाही आणि गोल उंचवटा शिल्लक राहतो. पंपाचे आतले भाग प्लॅस्टिक किंवा सिरॅमिकचे हवेत. लोखंडी दांडा असलेला पंप एका रात्रीत तांब्याने मढून निघाला होता.

११ जानेवारी

टाकी मेली. मीटर ५८० वरून ४४० वर उतरला, तापमान ठीक, सामू १.८, हवा चालू. तीन दिवस वाट पाहिली, वर यायला तयार नाही.

शोध पाइपांच्या जोडापाशी संपला. जोड सिलिकॉन सीलंटने भरले होते. घट्ट होताना व्हिनेगरचा वास येतो तो सीलंट. तो वास अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा. या जिवाणूला सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागते, पण अ‍ॅसेटिकसारखी सेंद्रिय आम्ले त्याला विष. बाहेर इतके आम्ल असताना अ‍ॅसेटिकचा रेणू न फुटता सरळ पेशीच्या पडद्यातून आत जातो, आत सामू जास्त म्हणून तिथे फुटतो आणि पेशीचे अंतरंग आम्लधर्मी करून टाकतो. खान्देशातल्या प्रत्येक हार्डवेअर दुकानात मिळणारी ती नळी या कामाला चालत नाही. पाच लिटर द्रव बाद.

साखर, आगर, साबणाचा अंश, कटिंग ऑइल, हाताचा तेलकटपणा या सगळ्यांवर तोच संशय ठेवावा. भांडी साबणाने धुतली तर पाच वेळा पाण्याने आणि शेवटी पातळ अ‍ॅसिडने.

फ्रिजमध्ये ४ अंशांवर १०० मिलि विरजण राखीव होते, म्हणून काम वाचले. दर तीन आठवड्यांनी राखीव विरजण नवे करायचे. जोड आता इपॉक्सीचे, पूर्ण २४ तास सुकवून आणि दोनदा धुऊन.

१९ जानेवारी

टाकी पुन्हा ५८५. तोवर मास्कचे काम, म्हणजे न कोरायचा भाग झाकणाऱ्या आवरणाचे.

नेलपॉलिश : तीन तासांत कडा उचलल्या. तांबे पुसताना बोट लागले होते तिथून सुरुवात.

फ्लेक्सच्या दुकानातून प्लॉटरने कापून आणलेला व्हिनाइल स्टिकर : ९ तास ठीक, नंतर गोंदाखालून द्रव शिरला आणि नालीच्या दोन्ही बाजूंना पिसासारख्या रेषा. १ मिमीहून रुंद, उथळ अक्षरांसाठी चालेल. आमच्या कामाला नाही.

ड्राय फिल्म फोटोरेझिस्ट, सर्किट बोर्डवाले वापरतात ती : हीच टिकली. पत्रा घासून, पातळ अ‍ॅसिडमध्ये अर्धा मिनिट बुडवून, धुऊन, कोरडा करून लगेच फिल्म. ओळखपत्रांच्या लॅमिनेटरमधून ११० अंशांवर दोनदा. वर पारदर्शक फिल्मवरची प्रिंट शाईची बाजू खाली ठेवून यूव्ही दिव्याखाली. शाईची बाजू वर राहिली तर प्रकाश फिल्मच्या जाडीतून तिरपा शिरतो आणि कडा मऊ पडते. मग १ टक्का धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात, ३० अंशांना, मऊ ब्रशने. शेवटी भरपूर पाणी. सोडा नालीत राहिला तर तिथे सामू चढतो आणि पहिल्या तासातच पिवळा ठिपका दिसतो.

पाठीलाही तीच फिल्म. कडांना इपॉक्सी. उन्हात फिल्म पक्की करण्याचा प्रयोग केला. जळगावचे ऊन भरपूर, पण सकाळच्या आणि दुपारच्या उन्हाने वेळ इतकी बदलते की दोन पट्ट्या सारख्या निघाल्या नाहीत.

२ फेब्रुवारी

प्रिंटवर ०.४० मिमी रुंद रेघ. २० तास. मिळालेली खोली ०.१४ मिमी, तोंडाशी रुंदी ०.६४ मिमी. म्हणजे प्रत्येक बाजूला मास्कखाली ०.१२ मिमी खाल्ले. द्रव जसा खाली जातो तसाच आडवाही जातो, हा दोष म्हणू नये, स्वभाव आहे. उभ्या भिंतीची खोल नाली या पद्धतीने मिळणार नाही, तळ नेहमी गोलसर. ०.१५ खोलीसाठी ०.५० रुंदी हवी तर प्रिंटवर ०.२४ ते ०.२६ रेघ.

वेग तासाला ७ मायक्रॉन. मोकळ्या तुकड्यावर पहिल्या तासांत साडेआठपर्यंत होता. अरुंद खाचेत तांबे विरघळलेला जड द्रव साचतो आणि ताजे फेरिक आत जायला वेळ लागतो.

९ फेब्रुवारी

०.२५ ची रेघ, २२ तास. खोली मधल्या नाल्यांत ०.१४, कडेच्या दोन नाल्यांत ०.१७. कडेच्या नालीला फक्त एका बाजूची शेजारीण, दुसरीकडून ताजा द्रव जास्त मिळतो. प्रिंटमध्ये दोन्ही बाजूंना २ मिमी अंतरावर एक-एक फसवी नाली टाकली, जी नंतर कापून टाकायची. फरक ०.०१ वर आला.

पट्टी उभी टांगली तेव्हा प्रत्येक नालीच्या खालच्या टोकापासून खाली ओघळ. जड द्रव खाली वाहतो त्याची वाट. दर दोन तासांनी पट्टी उलटी करणे हा एक उपाय. आमचा आता वेगळा : पट्टी आडवी, कोरायची बाजू खाली, पात्राच्या तळापासून ८ मिमी वर. जड द्रव आपणहून गळून पडतो. बुडबुडे वर चिकटतात का ते सुरुवातीला आरशाने पाहून घ्यायचे.

१५ फेब्रुवारी

तळाचा खडबडीतपणा मोजून आणला. ८०० कागदानंतर ०.२ मायक्रॉन होता, २२ तासांनी सुमारे २. तांब्याच्या कणांच्या सीमा आधी विरघळतात आणि प्रत्येक कण आपल्या दिशेप्रमाणे कमी-जास्त. भिंगातून पाहिले तर ओल्या वाळूसारखे दिसते. थंडाव्याच्या नालीला हे चालते, उलट बरे. आरशासारखा तळ हवा असेल त्यांनी ही पद्धत निवडू नये. कडेला उचललेली धातूची धार (बर्र) नाही, ताण नाही, उष्णतेने रंगलेली कडा नाही, पत्रा तसूभरही वाकलेला नाही. पातळ पत्र्यासाठी या गोष्टीचे मोल फार आहे.

२० फेब्रुवारी

एका इंजिनिअरिंग शॉपवाल्या दादांनी विचारले म्हणून माइल्ड स्टीलचा तुकडा याच द्रवात घातला. मिनिटाभरात तांबडा. द्रवात आधीच तांबे असल्याने ते लोखंडावर चढते आणि लोखंड विरघळते. स्टीलसाठी स्वतंत्र, तांबे न पाहिलेला द्रव हवा. तसा द्रव केला तर कोरले जाते, पण आम्लही थेट खात असल्याने मास्कखाली जास्त शिरते. पितळही चालते. मात्र जस्त आधी जाते आणि वर लालसर पावडर राहते, मधूनमधून ब्रशने झाडावी लागते. दोन्ही या प्रकल्पाबाहेर ठेवले.

१ ते १९ मार्च

पट्ट्या १ ते ९. प्रत्येकी २२ तास, मधे ६ ते ८ तास विश्रांती, तेवढ्यात मीटर ५८० वर परत येतो. विश्रांतीत हवा चालूच. अ‍ॅसिड : पट्टीमागे १:९ च्या द्रावणाचे दीड ते दोन मिलि हिशेबाने, प्रत्यक्षात सामू पाहून. पहिल्या आणि नवव्या पट्टीच्या खोलीत ०.०१ मिमीचा फरक. द्रव तोच.

१२ मार्चला वीज साडेचार तास गेली. पाचवी पट्टी पात्रातच राहिली. हवा बंद, पंप बंद, उभा द्रव. खोली कमी भरली हे तर झालेच, त्याशिवाय पात्रातला सामू स्थानिक चढून दोन नाल्यांत पिवळा थर बसला. नियम केला : वीज गेली की आधी पट्टी बाहेर, आरओच्या पाण्यात धुऊन तशीच बुडवून ठेवायची, मग बाकीचे. जिवाणू चार-पाच तास हवेवाचून मरत नाहीत. टाकीचा एअर पंप आता बॅटरीवर.

२४ मार्च

हवा कोरडी झाली. एअर पंप हीच कोरडी हवा आत ढकलतो आणि टाकीतून रोज २०० मिलिच्या वर पाणी उडते. कडेला पांढरट-पिवळे स्फटिक. पाणी उडाले तर पाणीच घालायचे, अ‍ॅसिड किंवा नवा द्रव नाही, नाहीतर क्षार वाढत जातात. टाकीवर मार्करने रेघ मारली. हवा आधी आरओ पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत नेली तर तूट निम्म्यावर आली. बाटलीची नळी टाकीच्या पातळीपेक्षा वर बांधावी, नाहीतर वीज गेल्यावर द्रव उलटा बाटलीत ओढला जातो.

२ एप्रिल

शेडमध्ये दुपारी ४० अंश. द्रव ३५ वर गेला तेव्हा मीटर परत यायला ८ ऐवजी १५ तास लागले. ३७ च्या पुढे हा जिवाणू थांबतो. आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये याहून काय होते ते सर्वांना माहीत आहे.

टाकीच्या टबाभोवती ओले गोणपाट, टब कूलरच्या झोतात. कोरड्या हवेचा तेवढा फायदा : द्रव २९ वर राहिला. लहान कामासाठी याहून सोपे, बरणी पाण्याने अर्ध्या भरलेल्या माठात उभी करावी, माठ सावलीत. बाहेर ४० असताना आत २८ मिळाले. माठ नवा हवा, जुन्याची छिद्रे क्षाराने बुजलेली असतात.

८ एप्रिल

दहावी ते बारावी पट्टी पूर्ण. बाराव्या पट्टीची खोली ०.१५, तोंडाशी रुंदी ०.५१. फिल्म ३ टक्के कॉस्टिक सोड्यात पाच मिनिटांत सुटली. कॉस्टिक डोळ्यात गेला तर अ‍ॅसिडपेक्षा वाईट, चष्मा काढायचा नाही. पट्टी पाण्याखाली दात घासण्याच्या ब्रशने घासून लगेच कोरडी केली, ओली राहिलेली दुसरी पट्टी तासाभरात काळपट पडली होती.

१२ एप्रिल

द्रवाची विल्हेवाट. पाच लिटरमध्ये पट्ट्या, चाचण्या आणि इतर तुकडे धरून अंदाजे १२ ग्रॅम तांबे. हे नालीत ओतायचे नाही. वसाहतीची नाली नाल्याला आणि नाला पुढे शेतांना, नदीला. तांबे मासे आणि मुळांना घातक.

लेथवरचा लोखंडी चुरा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन, तेल पूर्ण काढून, कापडी पिशवीत बांधून द्रवात टांगला. निळसर-तपकिरी द्रव दुसऱ्या दिवशी फिकट हिरवा, पिशवीत विटकरी तांब्याची पूड. लोखंड हिशेबापेक्षा जास्त लागते : १२ ग्रॅम तांब्याला १०.५ ग्रॅम पुरे वाटते, पण आधी सगळे फेरिक लोखंडाला खाते, त्यालाच २२ ग्रॅम गेले. या वेळी थोडा हायड्रोजन सुटतो. झाकण उघडे, जवळ काडी ओढायची नाही.

उरले ते फेरसचे पाणी, लिटरला सुमारे १५ ग्रॅम लोह. म्हणजे हिराकसचेच पाणी. पावणेदोन पट पातळ करून, अमोनियम सल्फेट आणि फॉस्फेट मापाने घालून, सामू १.७ करून, १० टक्के राखीव विरजण लावले. नवे हिराकस न घालता पाच दिवसांत ५८०.

गाळ आणि धुतलेले पाणी : चुन्याच्या निवळीने सामू ९ पर्यंत, रात्रभर ठेवून वरचे पाणी वेगळे, खालचा गाळ वाळवून बंद डब्यात चिठ्ठी लावून. वरच्या पाण्यात तांबे उरले का ते पाहायला अमोनियाचे चार थेंब : निळी झाक आली तर अजून चुना.

१८ एप्रिल

नवी टाकी माठाच्या मांडणीत, २९ अंश, सामू १.७५, मीटर ५८८. राखीव विरजणाच्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये, तारखा लिहून. पुढची प्रिंट ०.१० खोलीसाठी ०.३४ रेघेची, फसव्या नाल्यांसह, तयार आहे.